पोलिश माणूस उंबऱ्याबाहेर वेगळा, उंबऱ्याच्या आत वेगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नवऱ्याची बदली पुण्याहून पोलंडला व्रोत्सवाफला झालीय, बरोबर सहा आणि तीन वर्षांची दोन मुलं, घर शाकाहारी, आणि जो तो सांगतोय की पोलिश लोक हसत नाहीत, भयंकर धार्मिक आहेत, बाहेरच्यांना जवळ करत नाहीत. यात खरं किती?

मी इथे पंधरा वर्षं आहे, पहिली दोन वॉर्सात आणि मग व्रोत्सवाफमध्येच. काम दुभाषाचं. म्हणजे कंपन्यांच्या मीटिंगा, सरकारी कचेऱ्या, शाळेतल्या पालकसभा, दवाखाने, घरमालकाशी भांडणं, जिथे दोन बाजूंना एकमेकांचं कळत नाही तिथे मधे मी बसते. शिवाय आपल्याकडून नवीन आलेल्या लोकांना ट्रेनिंगही देते, त्यामुळे हे तीन प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. एका ओळीत उत्तर देता येत नाही म्हणून जरा लांबण लावतेय, चहा घेऊन बसा.

आधी माझीच फजिती सांगते. पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या एका बाईंनी घरी जेवायला बोलावलं. मी बेल वाजवली, त्यांच्या आईने दार उघडलं, साधारण सत्तरीच्या, मी हसून दारातूनच हात पुढे केला. त्यांनी हात घेतलाच नाही. चेहरा गंभीर, मान हलवून "न्ये, न्ये" म्हणाल्या. माझ्या पोटात गोळाच आला, म्हटलं घ्या, ऐकलं होतं तेच झालं, काळ्या माणसाच्या हाताला हात लावत नाहीत. तेवढ्यात त्यांनी माझं कोपर धरून मला ओढून आत घेतलं, दार लावलं, आणि मग माझा हात दोन्ही हातांत धरून इतका वेळ हलवला की सुटता सुटेना. उंबऱ्यावरून हात मिळवणं इथे अशुभ मानतात, भांडण होतं म्हणे. आपल्याकडे उंबऱ्यावर शिंकू नये, बसू नये म्हणतात ना, त्याच जातीची गोष्ट. पण मी पाच सेकंदांत त्यांना रेसिस्ट ठरवून मोकळी झाले होते.

ही गोष्ट मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते कारण माझ्या मते पोलिश समाज समजायचा तर हा उंबराच समजून घ्यावा लागतो. बाहेरचा माणूस आणि आतला माणूस, बाहेरचं वागणं आणि आतलं वागणं, यांच्यात इथे जी रेघ आहे ती आपल्यापेक्षा फार ठळक आहे. आपल्याकडे रेल्वेत समोर बसलेल्या माणसाला तासाभरात पगार, मुलीचं लग्न, गुडघेदुखी सगळं कळतं. इथे तुमच्या शेजारच्या फ्लॅटमधला माणूस चार वर्षं तुमच्याशी जेन दोब्रीच्या (म्हणजे नमस्काराच्या) पुढे बोलणार नाही, आणि पाचव्या वर्षी तुमच्या मुलाला रात्री ताप आला तर स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेईल आणि सकाळपर्यंत तिथेच खुर्चीवर बसेल. दोन्ही मी बघितलंय, एकाच माणसात.

हसत नाहीत हे खरं. अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसलं तर त्यांना वाटतं हा एकतर वेडा आहे किंवा काहीतरी विकायला आलाय. पण नमस्कार मात्र करावाच लागतो, हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. लिफ्टमध्ये शिरताना जेन दोब्री, बाहेर पडताना दो विजेन्या (म्हणजे येते हं), डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये शिरताना तिथे बसलेल्या सगळ्यांना मिळून एक जेन दोब्री, छोट्या दुकानात शिरतानाही तेच. हसू ऐच्छिक, जेन दोब्री सक्तीचं. आपली मंडळी उलटं करतात, गोड हसतात आणि तोंडातून शब्द काढत नाहीत, आणि मग बिल्डिंगमध्ये नाव पडतं की हे इंडियन उद्धट आहेत.

दुसरं म्हणजे पान आणि पानी. पान म्हणजे साहेब, पानी म्हणजे बाई (हो, पहिला महिना दुकानात कोणी पानी म्हटलं की मला बिसलेरीच आठवायची). अनोळखी माणसाशी तू म्हणून बोलायचंच नाही, पान किंवा पानी लावून क्रियापद तृतीय पुरुषी. मराठी माणसाला हे चटकन कळतं कारण आपणही "साहेब चहा घेणार का?" असं साहेबांच्या तोंडावरच विचारतो, अगदी तसंच. जवळीक थोडी वाढली की पान आणि पहिलं नाव, तेही हाक मारायच्या विभक्तीत, मारेकला पान्ये मार्कू. आडनावाने हाक मारू नका, "मिस्टर कोवाल्स्की" आपल्याला अदबीचं वाटतं पण पोलिशमध्ये पान्ये कोवाल्स्की म्हणजे मास्तरने वर्गात उभं केल्यासारखं लागतं. आणि तूवर यायचं ते मोठ्या माणसाने किंवा बाईने सुचवल्यावर, आपण नाही. गंमत अशी की आयटी कंपन्यांत पहिल्या दिवसापासून सगळे तू तू करतात, त्यामुळे नवऱ्याला वाटेल की देश फारच मोकळा आहे, आणि तो त्याच सुरात घरमालकिणीला तू म्हणेल आणि मग डिपॉझिट परत मिळताना त्रास होईल. हे मी स्वतः निस्तरलंय.

हा उंबरा आला कुठून? माझं मत सांगते. १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षं पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतला होता. मग वीस वर्षं श्वास घेतला, तेवढ्यात १९३९. नंतर १९८९ पर्यंत मॉस्कोच्या तालावर चालणारं सरकार. म्हणजे दोनशे वर्षांत बहुतेक काळ सरकार, पोलीस, शाळा, कचेरी हे सगळं "त्यांचं" आणि भाषा, देव, स्वयंपाकघर एवढंच "आपलं". अशा माणसाने बाहेर तोंड मिटून राहायचं आणि खरं ते घरात बोलायचं हे शिकणं साहजिक आहे. आज साठीच्या पुढे असलेल्या कोणालाही विचारा, साखरेचं रेशनकार्ड १९७६ ला आलं, मांसाचं १९८१ ला, आणि मांसाचं तर १९८९ पर्यंत टिकलं. दुकानात रांग लावून वस्तू मिळत नसे, ओळखीने मिळे. त्यातून एक क्रियापद जन्माला आलं ते अजून रोज ऐकू येतं, झावातविच. म्हणजे काम जमवून आणणं. आपला जुगाड आणि आपलं "बघतो मी, माझ्या ओळखीचा आहे तिथे" हे दोन्ही मिळून जे होईल ते.

हे कळलं की सरकारी खिडकीमागची बाई कळते. रेसिडन्स कार्डसाठी तुम्हाला महिनोन्महिने थांबावं लागणार आहे, त्याची तयारी ठेवा. मला एका कचेरीत एकाच कागदासाठी तीनदा परत पाठवलं, तिसऱ्या वेळी कळलं की तो कागद लागतच नव्हता. खिडकीवरचं पहिलं उत्तर नेहमी "न्ये दा शें", होत नाही. आपला माणूस इथे दोन चुका करतो, एक तर आवाज चढवतो, नाहीतर मॅनेजरला बोलवा म्हणतो. दोन्हींनी ती बाई सरकार होऊन बसते. त्याऐवजी शांतपणे विचारायचं, "त्सो बि पानी पोराजिवा?" म्हणजे बाई, तुम्ही काय सल्ला द्याल? एवढ्या एका वाक्याने ती खिडकीच्या मागून निघून तुमच्या बाजूला येते, चष्मा लावते, फाईल परत उघडते आणि म्हणते, बघा, असं करता येईल. दरवेळी चालतं असं नाही पण दहातल्या सात वेळा चालतंच.

ऑफिसात नवऱ्याला काय दिसेल ते सांगते. प्लॅन मांडला की पोलिश सहकारी आधी सांगणार यात काय काय बिघडू शकतं. सात मुद्दे काढेल. आपल्याला वाटतं हा विरोधात आहे, याला काम करायचं नाही. तसं नसतं, त्याने सात मुद्दे काढले म्हणजे त्याने विचार केलाय, तो काम घेणार आहे. गप्प बसला तर काळजी करा. आणि त्याला आपल्या लोकांचा राग येतो तो "होईल, होईल" चा, शुक्रवारी होईल म्हणायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी सांगायचं की झालं नाही, हे त्याच्या दृष्टीने खोटं बोलणंच आहे. बरेच जण सकाळी आठला येतात आणि चारला लॅपटॉप बंद, पोराला बालवाडीतून आणायचं असतं. चार वाजून पाच मिनिटांनी कॉल लावू नका. आणि "नो" लक्षात ठेवा! पोलिशमध्ये नो म्हणजे "हो ना", "हं हं". एका नवीन पोराने फोनवर विचारलं डिप्लॉयमेंट झालं का, समोरचा म्हणाला "नो, नो, नो", याने घाबरून सरळ वरपर्यंत मेल टाकला की काम झालेलं नाही. काम कधीच झालं होतं.

तक्रार करणं हा इथला गप्पांचा मूळ सूर आहे. कसं काय विचारलं तर मस्त, एकदम छान असं कोणी म्हणत नाही, म्हणतात स्तारा ब्येदा, जुनंच दारिद्र्य. आपल्या "चाललंय आपलं" चा सख्खा भाऊ. पगार वाढला, मॉल आले, रस्ते पुण्यापेक्षा शंभर पटीने बरे, मोबाईलवर ब्लिकचा सहा आकडी कोड टाकून भाजीवाल्यालाही पैसे देता येतात, २००४ ला युरोपियन युनियनमध्ये आल्यापासून हा देश ओळखू येणार नाही इतका बदललाय, तरी स्तारा ब्येदा. तुम्ही बाहेरचे, तुम्ही मात्र त्यात सूर मिळवू नका. पोलिश माणसाने पोलंडला नावं ठेवली तर मान हलवायची, आपण ठेवायची नाहीत. आणि पूर्व युरोप म्हणू नका, मध्य युरोप म्हणा, भूगोलाचा तास होईल नाहीतर.

आता आतली बाजू. एकदा आत घेतलं की मग आवर घालणं कठीण. गोश्च व दोम, बुक व दोम, म्हणजे पाहुणा घरात तर देव घरात, ही त्यांची म्हण, अतिथी देवो भव कशाला सांगायला हवं. दारात चपला काढायच्या, तुमच्यासाठी काप्चे म्हणजे घरातल्या सपाता ठेवलेल्या असतील, त्या घालायच्या. फुलं न्यायची ती विषम संख्येत, सम फुलं मयताला. वाढताना "नको" म्हटलं तर ते ऐकू जात नाही असं धरून चाला, अगदी कोल्हापुरी आग्रह.

फुलांवरून आठवलं, शेवंती नेऊ नका. ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्या दुकानांत शेवंतीच्या सुंदर कुंड्या येतात, पिवळ्या पांढऱ्या, आणि नेमकी आपली दिवाळी त्याच सुमाराला. एका मराठी घरातून फराळाच्या डब्याबरोबर शेजारच्या काकूंना शेवंतीची कुंडी गेली होती. काकूंनी घेतली, थँक्यू म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ती थेट नवऱ्याच्या थडग्यावर नेऊन ठेवली. शेवंती इथे थडग्यावरचं फूल आहे, १ नोव्हेंबरचं.

१ नोव्हेंबर चुकवू नका. ख्रिसमसपेक्षाही मला तो दिवस जास्त पोलिश वाटतो. सगळा देश आपापल्या गावच्या स्मशानभूमीत जातो, व्रोत्सवाफमध्ये ओसोबोवित्से स्मशानाकडे जादा ट्रॅमगाड्या सोडतात आणि त्या मुंबई लोकलसारख्या भरून जातात, फरक एवढाच की कोणी बोलत नाही आणि प्रत्येकाच्या मांडीवर कुंडी. मी शेजारणीबरोबर गेले होते. त्यांनी पिशवीतून ब्रश काढला, बाटलीतलं पाणी ओतून आईवडिलांचा दगड घासला, कोपऱ्यातलं शेवाळ काडीने काढलं, पानं गोळा केली, मग काचेच्या दिव्यांमधल्या मेणबत्त्या लावल्या, या दिव्यांना झ्निच म्हणतात. लावून झाल्यावर एक दिवा उरला. तो त्यांनी दोन रांगा सोडून एका थडग्यावर नेऊन ठेवला, नाव पुसट झालेलं, कोणी आलेलं दिसत नव्हतं. ओळखीचे का विचारलं तर म्हणाल्या, नाही, पण कोणीतरी लावायला हवा ना. अंधार पडल्यावर सगळी टेकाडं दिव्यांनी भरतात, हवा मेणाच्या वासाने उबदार होते, थंडीत हात दिव्यांवर शेकता येतात. सर्वपित्री आणि दीपोत्सव एकत्र केला तर कसं होईल, काहीसं तसं.

मग २४ डिसेंबरची विगिल्या. आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं, टेबलक्लॉथखाली थोडं गवत, बारा पदार्थ, आणि मांस अजिबात नाही! मासे असतात, कार्प हवाच, पण बीटाचं बार्श्च सूप, कोबी-मशरूमचे प्येरोगी (उकडलेल्या करंज्याच म्हणा), खसखशीचा रोल, सुक्या फळांचं कोंपोत हे सगळं तुम्हाला चालेल (बार्श्च नेमकं कशाच्या पाण्यात केलंय ते विचारून घ्या). जेवणाआधी ओपवातेक नावाची पातळ पापुद्र्यासारखी पोळी प्रत्येकाने प्रत्येकाबरोबर तोडून खायची आणि समोरच्याच्या डोळ्यात बघून त्याला शुभेच्छा द्यायच्या, आणि या शुभेच्छा "हॅपी ख्रिसमस" अशा घाऊक नसतात, तुझी परीक्षा नीट जाऊ दे, तुझी पाठ बरी होऊ दे, असं नेमकं. वर्षभर तोंड न हलवणारे लोक तिथे रडताना मी बघितलेत. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक आलेल्या पाहुण्यासाठी. २०२५ पासून हा दिवस सरकारी सुट्टीचा झालाय. विगिल्याचं बोलावणं आलं तर समजा उंबरा ओलांडलात.

धार्मिक किती? हा प्रश्न दोन भागांत बघा. २०११ च्या जनगणनेत साधारण ८८ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक सांगितलं होतं, २०२१ ला हा आकडा ७१ वर आला, आणि पाचातल्या एकाने उत्तरच दिलं नाही. रविवारी चर्चला खरोखर जाणारे आता कॅथलिकांमधले तीसेक टक्के. तरुण पिढी झपाट्याने बाहेर पडतेय, पाद्र्यांची लैंगिक शोषणाची प्रकरणं आणि चर्चची राजकारणातली लुडबुड ही दोन कारणं मला सगळ्यात जास्त ऐकू येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भपाताचा कायदा जवळजवळ बंदीपर्यंत आवळला तेव्हा खेड्यापाड्यांतून बायका रस्त्यावर आल्या, खिडक्याखिडक्यांत निषेधाचं लाल विजेचं चिन्ह लागलं होतं. पण हेच चर्चला न जाणारे लोक ईस्टरच्या आदल्या दिवशी अंडी, ब्रेड, मीठ घातलेली टोपली पाद्र्याकडून आशीर्वादित करून आणतात, मुलाचं पहिलं कम्युनियन मुंजीसारखं हॉल घेऊन करतात. आपल्याकडे देवाला न मानणारा माणूस गणपती आणतोच ना. शाळेत धर्माचा तास ऐच्छिक असतो, तुम्ही नको म्हणून लिहून दिलं की झालं, पूर्वी एकटी मुलं वर्गाबाहेर पडायची, आता मोठ्या शहरांत न बसणारीच बरीच असतात. तुमच्या मुलांना धर्मावरून कोणी त्रास देईल असं मला वाटत नाही.

दुकानं रविवारी बंद, वर्षातले मोजके रविवार सोडून. २०१८ पासून हळूहळू आणलेला नियम. शनिवारीच भाजी भरा, अडलंच तर झाब्का, हिरव्या बेडकाच्या नावाचं छोटं दुकान, कोपऱ्याकोपऱ्यावर, मालक स्वतः गल्ल्यावर उभा राहिला तर उघडं ठेवता येतं.

बाहेरच्यांना जवळ करत नाहीत, या मुद्द्यावर मी गुळमुळीत बोलणार नाही. बहुतेक दिवशी काही होत नाही. बघतात, विशेषतः लहान गावांत टक लावून बघतात. पंधरा वर्षांत ट्रॅममध्ये दोनदा दारू प्यालेल्या माणसाने आपल्या देशात जा म्हणून ओरडून झालंय, दोन्ही वेळा एकेक आजी त्याच्यावर तुटून पडली. पण गेल्या दोन-तीन वर्षांत वातावरण तापलंय हे खरं, २०२१ पासून बेलारूसच्या सीमेवरून येणाऱ्या स्थलांतरितांचा प्रश्न, निवडणुकीत स्थलांतरितांवरून भाषणं, त्यात फूड डिलिव्हरी करणारी आपली पोरं सगळ्यांच्या डोळ्यासमोर. मॅचच्या दिवशी फुटबॉलच्या टोळक्यांपासून आणि ११ नोव्हेंबरला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, वॉर्सातल्या राष्ट्रवाद्यांच्या मोठ्या मोर्चापासून लांब राहा. आणि याच लोकांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्या बायकामुलांना कॅम्पात नाही, स्वतःच्या घरात ठेवलं होतं, आमच्या बिल्डिंगमध्ये बारा फ्लॅट, त्यातल्या पाचात युक्रेनी कुटुंबं होती. आता त्याच युक्रेनी लोकांवर कुरकुरही सुरू झालीय. दोन्ही खरं.

व्रोत्सवाफचं एक बरं आहे, इथे मूळचं कोणीच नाही. १९४५ पर्यंत हे जर्मन शहर होतं, ब्रेस्लाऊ. युद्धानंतर सीमा सरकल्या, जर्मन गेले, आणि पूर्वेकडून, ल्वुफच्या (आता युक्रेनमधलं ल्विव) बाजूने आणि इतर ठिकाणांहून पोलिश लोक आणून वसवले. म्हणजे तुमच्या शेजारणीची आजीसुद्धा बोचकं घेऊन परक्याच्या घरात शिरलेली. घर कुठलं असं विचारा, तासभर बोलेल.

आणि याच शहरात घडलेली एक गोष्ट, कृपा करून लक्षात ठेवा. एका जोडप्याने भाड्याच्या नव्या घरात शिरताना दारावर बाहेरून कुंकवाने स्वस्तिक काढलं. समोरच्या आजींनी संध्याकाळी दार उघडलं आणि समोर ते. लाल रंगात. त्यांनी पोलीस बोलावले नाहीत, पण दार लावून घेतलं आणि मुलाला फोन केला, मुलाने घरमालकाला, घरमालकाने मला. दुसऱ्या महायुद्धात या देशाचे जवळजवळ साठ लाख नागरिक गेले, त्यातले निम्मे ज्यू. आपलं चिन्ह हजारो वर्षांचं आहे, कोन वेगळा, अर्थ वेगळा हे सगळं मी आजींना समजावलं, त्यांनी ऐकलं, आणि म्हणाल्या, बाळ, मला ते कळतं, पण माझ्या डोळ्यांना कळत नाही. ते पुसलं आणि तिथे श्री काढलं. स्वस्तिक देवघरात आत असू दे, दारावर आणि गाडीवर नको. तसंच हिटलरबद्दल "पण शिस्त होती हो" छापाचं वाक्य चेष्टेतही नको. ऑशवित्झला पोलिश कॅम्प म्हणू नका, तो जर्मनांनी पोलंड काबीज करून बांधला. आणि १ ऑगस्टला वॉर्सात असाल तर संध्याकाळी पाचला सायरन वाजतात, जर्मनांविरुद्धच्या १९४४ च्या उठावाची आठवण, बस, गाड्या, माणसं आहेत तिथे मिनिटभर थांबतात. तुम्हीही थांबा, फोन काढू नका.

खाण्याची काळजी सोडा. माश्लांका म्हणजे आपलं ताक, कुठेही मिळतं. काशा मान्ना म्हणजे रवा, शिरा-उपमा झाला. त्फारुक म्हणजे पनीरचा भुसभुशीत भाऊ. प्येरोगी रुस्क्ये, बटाटा आणि त्फारुक भरलेले, शाकाहारी, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात, ऑर्डर देतानाच "बेझ स्कफारेक" म्हणा. बार म्लेचनी म्हणजे दुग्ध उपाहारगृह, साम्यवादी काळात फोफावलेलं, स्वस्त, तिथे दारू नसते, पेन्शनर आणि विद्यार्थी एका टेबलावर सूप पितात. आणि हॉटेलात रोख पैसे देताना लगेच जेंकुये (थँक्यू) म्हणू नका, त्याचा अर्थ उरलेले ठेवा असा होतो. माझे पहिल्या महिन्यात असे बरेच गेले.

मुलांचं सोपं आहे. सहा वर्षांच्याची बालवाडीतली शाळापूर्व तयारी सक्तीची असते, पहिली सातव्या वर्षी. पाऊस असो बर्फ असो, बालवाडीत रोज बाहेर खेळायला काढतात, "सर्दी होईल" असं बाईंना सांगायला जाऊ नका, हसतील (हो, तेव्हा हसतात). पोरं सहा महिन्यांत पोलिश बोलतील आणि तुम्हाला व्याकरणावरून चिडवतील. शहरभर बुटक्यांचे शेकडो छोटे कांस्यपुतळे आहेत, त्यांच्यामागे फिरवा, रविवारचा प्रश्न मिटला. १९८० च्या दशकात सरकारची खिल्ली उडवणाऱ्यांनी भिंतींवर बुटके रंगवले त्यातून हे आलंय, नुसतं पर्यटकांसाठी नाही.

राजकारण स्वतःहून काढू नका. २०२५ ची अध्यक्षीय निवडणूक ५०.८९ विरुद्ध ४९.११ अशी गेली, म्हणजे प्रत्येक जेवणाच्या टेबलावर अर्धे इकडचे अर्धे तिकडचे. पण उदासीन नाहीत, २०२३ ला संसदेच्या निवडणुकीत ७४ टक्के मतदान झालं, आमच्याकडे यागोद्नो भागात लोक रात्री तीनच्या सुमारापर्यंत रांगेत उभे होते, कोणी पिझ्झा, कोणी चहा आणून देत होतं. रांगेत उभं राहणं या लोकांना जमतं म्हणा.

तुम्ही महाराष्ट्रातल्या, म्हणून एक सांगते. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, सोव्हिएत युनियनमधल्या छावण्यांतून सुटून आलेली बायकामुलं, साधारण पाच हजार. गुजरातेत बालाचडीला नवानगरच्या महाराजांनी, जामसाहेबांनी, अनाथ मुलांना ठेवून घेतलं, त्यांच्या नावाने वॉर्सात भल्या महाराजांचा चौक आहे, आणि कोल्हापूरचं स्मारकही वॉर्सात आहे. बहुतेक पोलिश लोकांना हे माहीत नसतं, त्यामुळे ओळख झाल्या झाल्या हे सांगून उपकाराची आठवण करून देऊ नका. पण एकदा क्लिनिकमध्ये एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं कुठली, मी कोल्हापूर म्हटलं तर त्यांनी वळिवडे हा शब्द बरोबर ळ लावून उच्चारला. त्यांची मोठी बहीण तिथे वाढली होती. नंबर आला तरी त्या उठेनात.

थंडीचे कपडे पुण्यात घेऊ नका, तिथली जॅकेटं इथे नोव्हेंबरच्या पुढे जात नाहीत. मुलांसाठी बालवाडीत घालायला सपातांचे दोन-दोन जोड लागतील, ते इथेच मिळतात. बरोबर आणायचंच तर प्रेशर कुकर, गोडा मसाला आणि पोळपाट आणा. पोळपाट इथे शोधून मिळत नाही, मी पहिलं वर्षभर चॉपिंग बोर्डवर पोळ्या लाटल्यात.